तव्यापुढची जागा

दुपारच्या बातम्यांनंतर रेडिओवर सांगितलं की रात्री दंव गोठणार, आणि मग व्हर्नेलने घरात कुणाला बूड टेकू दिलं नाही. उद्या तिला सत्तर पूर्ण होणार होती. त्यासाठी मुलगी डेल्फीन शिकागोहून आली होती, आणि धाकटा भाऊ रूफस बायको ओपलला घेऊन शेतापलीकडच्या घरातून सकाळीच येऊन बसला होता. तिघांच्याही हातात एकेक बादली आली.

"झाडावर एकसुद्धा टोमॅटो राहता कामा नये," व्हर्नेल मागच्या दारातून ओरडली. "लहान, मोठा, वाकडा, सगळे आणा. आणि रूफस, दाबून बघत बसू नकोस. टोमॅटो आहे तो, मोटारीचं चाक नाही."

"हो ताई," रूफस म्हणाला आणि पहिलाच टोमॅटो दाबून बघितला. हिरवागार, दगडासारखा टणक होता. तळायला असाच लागतो.

डेल्फीन शेजारच्या ओळीत वाकली होती. शिकागोत ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती. वर्गातून पळून लपलेली पोरं शोधावीत तशी ती पानं बाजूला सारून टोमॅटो शोधत होती, आणि सापडला की त्याच्याकडे क्षणभर रागाने बघत होती. रूफसला त्याची मोठी गंमत वाटत होती. पण तिने आवाज खाली आणला, तेव्हा गंमत संपली हे त्याने ओळखलं.

"मामा, आज जेवताना विषय काढायचा. ठरलंय ना?"

"ठरलंय."

"मी सुरुवात करते. तुम्ही 'बरोबर आहे' म्हणायचं. मग मामी बोलतील."

"मी म्हणतो, ते 'बरोबर आहे' पण तुझ्या मामीलाच म्हणू दे ना. ती फार छान म्हणते."

"घाबरता तुम्ही आईला."

"मी सहासष्ट वर्षांचा आहे, पोरी. तिला घाबरण्याचा माझा अनुभव तुझ्यापेक्षा बावीस वर्षांनी जास्त आहे."

डेल्फीन हसली नाही. "जानेवारीत ती नऊ दिवस तापाने पडून होती. नऊ दिवस! आणि तुम्हाला कधी कळलं? उठून बसल्यावर. परत असा हिवाळा मी तिला इथे एकटीला काढू देणार नाही. माझ्याकडे खोली आहे, डॉक्टर दोन चौक सोडून आहे."

रूफसने बादलीत बघितलं. मागे ताईचा नवरा क्लीव्ह गेला तेव्हा ताईने शिकागोत चार महिने काढले होते आणि परत आल्यावर आठवडाभर ती नुसती अंगणात उभी राहायची. डेल्फीनचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चुकीचं नसलेल्या गोष्टीला विरोध करणं रूफसला कधीच जमलं नव्हतं, आणि ताईला विरोध करणं तर त्याहून नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"हे असंच म्हणायचं," डेल्फीन म्हणाली. "फक्त आईसमोर."

*

ओपलची बादली सगळ्यात आधी भरली. छत्तीस वर्षं ती या घरची सून होती. या छत्तीस वर्षांत तिने या स्वयंपाकघरात टोमॅटो धुतले, चिरले, मीठ लावून फडक्यावर पसरले. तळले मात्र एकदाच. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, सासूच्या दफनानंतरच्या जेवणाला तिने मक्याच्या पिठात चमचाभर साखर घातली होती. व्हर्नेलने एक घास घेतला, नीट चावला, गिळला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "केक कुणी तळला?" तेव्हापासून तव्यापुढची जागा व्हर्नेलची.

म्हणून शिकागोची गोष्ट निघाली तेव्हा ओपलने फार आढेवेढे घेतले नव्हते. नणंदेची काळजी तिने बोलून दाखवली होती आणि ती खरीच होती. पण भांडी विसळताना तिच्या डोळ्यांसमोर तो काळाभोर बिडाचा तवा आपल्या शेगडीवर दिसायचा, हेही तितकंच खरं होतं.

तिने मागच्या पायरीवर पाय ठेवला आणि ती थबकली.

गॅस. चांगला घशात बसणारा वास.

तिने खांद्याने दार ढकललं. व्हर्नेल शेगडीपुढे वाकून तव्याखाली डोकावत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत मक्याच्या पिठाने माखलेले. एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी.

"व्हर्नेल!"

बादली पडली, टोमॅटो गडगडत टेबलाखाली गेले. दोन ढांगांत ओपल तिच्यापाशी पोचली. तिने नणंदेचं मनगट पकडून काडी हिसकावली, बटण बंद केलं, खिडकी वर ढकलली, पुढचं-मागचं दार सताड उघडलं आणि मग दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"वेड लागलंय का तुला?" व्हर्नेल म्हणाली. "पीठ सांडलंस माझं."

"गॅस किती वेळ चालू होता?"

"चालू कुठे? आतली ज्योत वाऱ्याने विझली असणार. चरबी वितळेना म्हणून वाकून बघितलं, तर खाली काहीच नाही. म्हणून काडी ओढत होते."

"घर भरलंय गॅसने! मला बाहेर पायरीवर वास आला."

व्हर्नेलने हाताचं पीठ झटकलं. "सर्दी झालीय मला."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

ओपलने तिच्याकडे निरखून बघितलं. नाक कोरडं ठणठणीत, आवाज घंटेसारखा. "डोळे मीट," ती म्हणाली.

"का?"

"मीट म्हणते ना."

आणि व्हर्नेलने मिटले. छत्तीस वर्षांत तिने ओपलचं म्हणणं पहिल्या सांगण्याला कधी ऐकलं नव्हतं, ओपलला तिथेच काय ते कळायला हवं होतं. तिने पायातला रबरी बूट काढला. हा बूट सकाळी कोंबड्यांच्या खुराड्यातून आला होता आणि त्याआधीची कित्येक वर्षंही त्याने तिथेच काढली होती. तो तिने व्हर्नेलच्या नाकासमोर धरला.

"ओळख."

व्हर्नेलने खोल श्वास घेतला. जाणकारासारखी मान डोलावली. "कॉफी. नवा डबा फोडलास."

ओपलला हसू आवरेना. भीती अजून छातीत धडधडत होती आणि वरून हसू. खुर्चीत बसून ती डोळे पुसत राहिली. व्हर्नेलने डोळे उघडले, बूट बघितला आणि काही क्षण ती भयंकर चिडली. मग समोरची खुर्ची ओढून तीही बसली.

"जानेवारीतला ताप," ती म्हणाली. "गेला, आणि जाताना हेही घेऊन गेला. वाटलं, येईल परत. ईस्टरपर्यंत वाट बघितली. खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं."

"दहा महिने? आणि चर्चच्या जेवणाला तू तीनदा तळलंस! लोकांनी बोटं चाटली. मीसुद्धा."

"हाताला माप ठाऊक आहे. आणि उलटायचे कधी, ते कानाला कळतं. चुरचुर बारीक झाली की उलटायचं." व्हर्नेलने पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसले. "डेल्फीनला सांगू नकोस. तिला कळलं तर सोमवारी मी तिच्या तिसऱ्या मजल्यावर असेन. तिथली खिडकी उघडतसुद्धा नाही, ओपल. रंग लावून बंद केलीय."

आता ओपलने नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. डेल्फीनला बाकी काही पटवायची गरजच उरली नसती, आणि तो तवा आठवडाभरात शेतापलीकडे आला असता. तिने तव्याकडे बघितलं. मग टेबलाखाली जाऊन एकेक टोमॅटो गोळा करायला लागली, म्हणजे तोंड दिसणार नाही.

"मी नाही सांगणार," ती टेबलाखालून म्हणाली. "तू सांगणार. जेवणं आटपायच्या आत. नाहीतर मग मी."

"ओपल!"

"आत्ता मी दोन मिनिटं उशिरा आले असते, व्हर्नेल, तर उद्या तुझ्या वाढदिवसाऐवजी दुसरंच काहीतरी असतं. आणि त्या जेवणाचे टोमॅटो मला तळावे लागले असते. साखर घालून."

*

घर पुरतं मोकळं झाल्यावर शेगडी ओपलने पेटवली. व्हर्नेलने ते मुकाट्याने बघितलं. मग तव्यात बेकनची चरबी वितळली. मिठाने पाणी सुटलेल्या चकत्या व्हर्नेलने फडक्याने टिपल्या, ताकात बुडवल्या, मक्याच्या पिठात दोन्ही बाजूंनी दाबल्या आणि एकेक सोडल्या. पाठीमागे ओपल काकडी चिरत होती आणि मध्येच मान वर करून फक्त नाकाने हुंगून सांगत होती, "तिसरा. डावीकडचा. लागतोय." व्हर्नेल तो उलटत होती. तिला याचा राग यायला हवा होता. तिने तो शोधला, पण वेळेवर सापडला नाही.

सूर्य पाइनच्या झाडांमागे टेकला तेव्हा चौघं जेवायला बसली. रूफसने प्रार्थना म्हटली. ती नेहमीपेक्षा बरीच लांबली. त्यात शेजाऱ्यांची गाय आली, मागच्या वर्षीचा पाऊस आला.

"आमेन," व्हर्नेल मध्येच म्हणाली. "देवालाही भूक लागली असेल."

टोमॅटोंचं ताट फिरलं. कुरकुरण्याचा आवाज सुरू झाला. व्हर्नेलने सगळ्यांचे चेहरे पाहिले. या दहा महिन्यांत तिला ही सवय लागली होती. लोकांच्या चेहऱ्यावरून ती आपला स्वयंपाक चाखायची. रूफसने डोळे मिटले होते. म्हणजे छान झाले होते.

"आई," डेल्फीनने काटा खाली ठेवला. "आम्हाला तुझ्याशी जरा बोलायचंय."

"आम्हाला?" व्हर्नेलने भावाकडे बघितलं. रूफस ताटातल्या चकत्या मोजायला लागला.

"हिवाळ्यासाठी तू माझ्याकडे यावंस असं मला वाटतं. नुसतं हिवाळ्यासाठी नाही, कायमचंच. मामांनाही तसंच वाटतं. मामा?"

"बरोबर..." रूफस पाणी प्यायला. "बरोबर म्हणजे, तसं म्हटलं तर..."

"मामी, तुम्ही सांगा ना."

सगळे ओपलकडे बघायला लागले. ओपलने सावकाश तोंड पुसलं. "ती कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

रूफसचा घास तोंडातच राहिला. "अगं, तूच तर फोनवर..."

"फोनवर मी बरंच काही बोलते. तू जेव." आणि टेबलाखाली तिने व्हर्नेलच्या पायाला बुटाने ढोसलं. एकदा. मग परत, जरा जोरात.

व्हर्नेलला लग्नाच्या वेळीही इतकं धडधडलं नव्हतं. आयुष्यभर तिने माणसांना कामं सांगितली होती. स्वतःबद्दल काही सांगायची वेळ क्वचितच आली होती. "माझं नाक गेलंय," ती म्हणाली.

"कुठे गेलंय?" रूफसने विचारलं.

"गेलंय म्हणजे वास येत नाही मला! जानेवारीपासून. आणि आज दुपारी शेगडीचा गॅस सुटला होता, तो मला कळला नाही. ओपल आली म्हणून आपण इथे जेवतोय. झालं. सांगितलं." तिने ओपलकडे बघितलं. "आता लाथा मारू नकोस, पाय सुजलाय माझा."

डेल्फीन पांढरीफटक पडली होती.

"दर रविवारी मी फोन करते," ती अगदी हळू म्हणाली. "दर रविवारी तू मला सांगतेस, काय केलं, कसं झालं. गेल्या रविवारी रताळ्याचा केक झकास झाला होता म्हणालीस."

"झकास दिसत होता."

"आई!"

"खोटं नाही बोलले. रूफसने चार तुकडे खाल्ले."

"पाच," रूफस म्हणाला आणि लगेच पस्तावला.

डेल्फीन उठली. तिने ताट उचललं, परत ठेवलं. तिच्या शाळेतली पोरं तिला घाबरायची ती याच चेहऱ्याला, पण आता त्या चेहऱ्याची हनुवटी थरथरत होती. "म्हणजे मी म्हणत होते तेच खरं. एकटीने राहणं धोक्याचं आहे. तू उडाली असतीस! आणि मला कोणीतरी फोन करून सांगितलं असतं. सामान बांध. सोमवारी."

"एकटी नाही ती," ओपल म्हणाली. "मी आहे ना. उद्यापासून शेगडी मी पेटवणार आणि मीच विझवणार. दिवसातून दोनदा. शेत ओलांडायला मला सहा मिनिटं लागतात, गुडघा बरा असेल तर पाच. पुढच्या आठवड्यात रूफस गॅसची टाकी काढून विजेची शेगडी बसवेल."

"विजेची?" व्हर्नेल ताडकन म्हणाली. "त्या लाल वेटोळ्यावर मी टोमॅटो तळू?"

"नाहीतर शिकागोत तळ. तिथे काय आहे?"

व्हर्नेलने मुलीकडे बघितलं.

"विजेची आहे," डेल्फीन म्हणाली.

रूफस हसला. त्याने तोंडावर हात धरला, पण खांदे हलत राहिले. आणि मग त्याने असं काही केलं जे त्याने सहासष्ट वर्षांत केलं नव्हतं. कुणी विचारलं नसताना तो बोलला. "डेल्फीन, जानेवारीतली चूक माझी होती. मी शेतापलीकडून तिच्या धुराड्याचा धूर बघायचो आणि म्हणायचो, चाललंय. आता रोज आत येऊन बघेन. ताईने हाकललं तरी."

"मी हाकलणारच," व्हर्नेल म्हणाली.

"ते ठाऊक आहे."

डेल्फीन परत बसली. बराच वेळ ती टेबलावरच्या मिठाच्या डबीशी चाळा करत राहिली. तिने मनाशी काय काय मांडलं, काय काय खोडलं, ते तिचं तिला ठाऊक. शेवटी ती म्हणाली, "मंगळवारी मॉन्टगोमेरी शहरात नाकाच्या डॉक्टरकडे. मी सुट्टी वाढवते. शेगडी शुक्रवारच्या आत. आणि मार्चमध्ये मी परत येणार, तेव्हा पुन्हा बघायचं. वचन नाही देत मी, आई."

"मागितलं कुणी?" व्हर्नेल म्हणाली. पण तिने हात पुढे करून मुलीच्या हातातली मिठाची डबी काढून घेतली, आणि हात तिथेच राहू दिला.

*

रूफस आणि ओपल भांडी घासत होते आणि तवा साबणाने घासायचा की नाही यावरून आतून वाद ऐकू येत होता. डेल्फीन मागच्या पायरीवर आईशेजारी बसली. हवा आत्ताच बोचायला लागली होती. वाफ्यात नुसता पाला उरलेली झाडं उभी होती. व्हर्नेलने मांडीवर एक ताटली घेतली होती, त्यात उरलेल्या पाच-सहा चकत्या.

"सगळ्यात जास्त कशाची आठवण येते?" डेल्फीनने विचारलं.

व्हर्नेलने विचार केला. "तुझ्या बापाचा कोट कपाटात आहे अजून. पूर्वी दार उघडलं की तो तिथे उभा असल्यासारखं वाटायचं. आता नुसता कोट." मग तिने ताटली पुढे केली. "खा. आणि कशी लागते सांग."

डेल्फीनने एक चकती तोडली. "आंबट."

"आंबट मला कळतं. पुढचं सांग."

"कुरकुरीत."

"तेही कळतं. एवढी शिकलीस, शाळा चालवतेस, आणि 'कुरकुरीत'? कुणी पास केलं तुला?"

डेल्फीनने परत चावलं, या वेळी सावकाश. डोळे मिटले. "वरचं पीठ... भाजलेल्या कणसासारखं. जिथे जरा काळं पडलेलं असतं ना, तिथलं. मग चरबीचा धुरकट वास. आणि आत..." ती थांबली. शब्द सापडेना. तिने स्वतःची बोटं नाकाशी नेली. "टोमॅटोच्या झाडाला हात लागला की बोटांना येतो तो वास. हिरवा, उग्र. साबणाने जात नाही तो. तसं लागतं. त्या वासाची चव असती तर."

व्हर्नेलने वाफ्याकडे तोंड केलं होतं आणि तिचे डोळे मिटलेले होते. बऱ्याच वेळाने तिने श्वास सोडला.

"हं," ती म्हणाली. "तसंच लागतं." आणि ताटलीतली दुसरी चकती बोटाने मुलीकडे सरकवली. "ही जरा जास्त भाजली गेलीय. हिचं सांग."